डोपामीनचे वेळापत्रक

बँकेत पैसे काढायला आलेल्या एखाद्या निवृत्त गृहस्थांना ‘सही जुळत नाही’ म्हणून परत पाठवलेले आपण कधी ना कधी पाहिलेले असते. वयोमानाने हात थरथरतो, असे म्हणून आपण तो विषय सोडूनही देतो. पुढच्या वेळी अशी सही पाहायला मिळाली तर ती जरा निरखून पाहा. नुसत्या थरथरणाऱ्या हाताची सही वेडीवाकडी होते, पण अक्षरांचा आकार पूर्वीइतकाच राहतो, किंबहुना थोडा वाढतोच. दुसऱ्या एका प्रकारच्या सहीत मात्र पहिले अक्षर ठीक असते, दुसरे त्याहून लहान, तिसरे आणखी लहान, आणि शेवटची अक्षरे एकमेकांत शिरून नुसती बारीक रेघ उरते. शिक्षकांच्या बाबतीत हा बदल फळ्यावर आधी दिसू शकतो. ओळ डावीकडून उजवीकडे जाताना अक्षर बारीक बारीक होत जाते. ही कंपवाताची, म्हणजेच पार्किन्सनच्या आजाराची, एक खूण आहे.

आता गंमत पाहा. या खुणेत कंप कुठेच नाही. हालचाल सुरू होते, पण तिचा आकार आणि वेग आकसत जातो. चालताना पावले लहान पडतात, एक हात झुलायचा थांबतो, आवाज बारीक होतो, चेहऱ्यावरचे भाव उमटेनासे होतात. सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. काही रुग्णांना तर कंप कधी होतच नाही. त्यामुळे ‘कंपवात’ हे नाव दिशाभूल करते, असे मला नेहमी वाटते. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांचे वर्णन करणारा निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातही ‘कंपयुक्त पक्षाघात’ असेच शब्द होते. (या सहांपैकी काहींना तर त्यांनी फक्त रस्त्यात पाहिले होते. पार्किन्सन जीवाश्मांचेही अभ्यासक होते, आणि निरीक्षणाची सवय त्यांना तिथेच लागली असावी.) पुढे पॅरिसच्या शार्को यांनी दाखवून दिले की या रुग्णांच्या स्नायूंत ताकद असते, हा पक्षाघात नव्हे. त्यांनीच या आजाराला पार्किन्सन यांचे नाव सुचवले.

काळ्या पेशी आणि सर्पगंधा

ताकद असूनही हालचाल का आकसते? मेंदूच्या खालच्या भागात, मध्यमेंदूत, काळसर रंगाच्या चेतापेशींचा एक लहानसा पट्टा असतो. त्याला ‘सबस्टँशिया नायग्रा’ म्हणतात. या लॅटिन नावाचा अर्थ नुसता ‘काळा पदार्थ’ एवढाच. या पेशी डोपामीन नावाचे रसायन तयार करतात आणि आपल्या लांब तंतूंवाटे मेंदूच्या आत असलेल्या स्ट्रायटम या केंद्राला पुरवतात. कोणती हालचाल सुरू करायची, केवढी करायची, किती वेगाने करायची याचा निवाडा करण्यात या केंद्राचा मोठा वाटा असतो. कंपवातात या काळ्या पेशी हळूहळू मरत जातात. त्यांच्या आत अल्फा सायन्यूक्लीन नावाच्या प्रथिनाचे गोळे साचलेले आढळतात. बहुतेक रुग्णांत आजार आईवडिलांकडून आलेला नसतो आणि त्याचे एकच एक कारण दाखवता येत नाही.

मेंदूजवळ राखीव साठा बराच असतो. स्ट्रायटमकडे येणारे निम्म्याहून अधिक डोपामीन आटेपर्यंत हालचालीत काही जाणवत नाही. त्याआधी अनेक वर्षे बद्धकोष्ठ, वास कमी येणे, झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडणे अशा तक्रारी असू शकतात, पण त्यावरून कोणी मेंदूचा विचार करत नाही. आणि करावा असेही नाही, कारण या तक्रारी इतर शेकडो कारणांनी होतात.

डोपामीनची ही भूमिका कशी कळली, याच्या गोष्टीत आपल्या सर्पगंधेला जागा आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या मुळ्या रक्तदाबावर उपयोगी पडतात असे ब्रिटनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी त्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे केले. ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या हालचाली मंद होऊन ते कंपवाताच्या रुग्णांसारखे दिसू लागत. स्वीडनच्या अर्व्हिड कार्लसन यांनी सशांना रेसर्पीन टोचले. ससे कान पाडून निश्चल बसून राहिले. मग त्यांनी त्यांना लेव्होडोपा दिले. शरीरात या अमिनो आम्लापासूनच डोपामीन बनते. थोड्याच वेळात ससे पुन्हा हालचाल करू लागले. हा प्रयोग १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी आणि पुढच्या कामासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९६० साली व्हिएन्नात हॉर्निकीविच आणि त्यांचे सहकारी एहरिंगर यांनी कंपवाताच्या मृत रुग्णांचे मेंदू तपासून स्ट्रायटममध्ये डोपामीन फारच कमी असल्याचे सिद्ध केले. १९६७ साली अमेरिकेत कोट्झियस यांनी अगदी थोड्या मात्रेपासून सुरुवात करून ती हळूहळू वाढवत नेली, आणि खुर्चीला खिळलेली माणसे चालू लागली.

आज साठ वर्षांनंतरही लेव्होडोपा हेच या आजारावरचे सर्वांत परिणामकारक औषध आहे. ते पेशींचे मरणे थांबवत नाही. आटलेल्या विहिरीत टँकरने पाणी आणून ओतावे तसा हा उपाय आहे. आणि टँकरचे गाव ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊकच आहे की पाणी किती येते यापेक्षा ते कधी येते, रस्त्यात किती गळते आणि त्याच रस्त्यावर दुसरी कोणती वाहने अडून बसतात, यावर पुष्कळ अवलंबून असते. कंपवाताचा चांगला वैद्यकीय सांभाळ म्हणजे बराचसा हाच हिशेब असतो. आता त्याकडे वळू.

औषधाच्या वाटेतील औषधे

माझ्या आईचे उदाहरण सांगते. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. २०१६ साली तिचा उजवा खांदा आखडला. वर्षभर शेक आणि व्यायाम झाले. मग त्याच हाताला कंप सुरू झाला. हात मांडीवर स्वस्थ असताना अंगठा आणि बोट गोळी वळल्यासारखे हलत, आणि कप उचलायला गेले की थांबत. ही खूण महत्त्वाची आहे. उतारवयात अधिक आढळणारा साधा कंप याच्या उलट असतो. तो हात कामाला लागला की वाढतो. आमच्या तालुक्याच्या गावातील डॉक्टरांनी कोणतेही यंत्र न वापरता आजार बरोबर ओळखला आणि लेव्होडोपा सुरू केले. आईला बरे वाटू लागले.

नंतर तिला उठताना चक्कर येऊ लागली. दुसऱ्या एका दवाखान्यात चक्करेसाठी एक गोळी मिळाली, मळमळीसाठी आणखी एक. हळूहळू तिची हालचाल मंदावत गेली. ‘आजार वाढला’ म्हणून लेव्होडोपाची मात्रा वाढली. चक्कर वाढली. चक्करेची गोळी दोनदाची तीनदा झाली. चौदा महिन्यांत ती काठीशिवाय चालेनाशी झाली.

२०१८ च्या उन्हाळ्यात मी तिच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे टेबलावर पसरली आणि प्रत्येकाच्या मागे बारीक अक्षरात छापलेले घटकद्रव्याचे नाव एका कागदावर उतरवले. माझा व्यवसाय जीवरसायनशास्त्राचा, त्यामुळे नावे वाचायची भीती नव्हती. चक्करेच्या गोळीत सिनारिझीन होते, मळमळीच्या गोळीत मेटोक्लोप्रमाइड. ही दोन्ही द्रव्ये मेंदूतील डोपामीनच्या ग्राहकांवर जाऊन बसतात आणि डोपामीनला तिथे बसू देत नाहीत. म्हणजे एका गोळीने टँकर आणायचा आणि दुसऱ्या गोळीने विहिरीवर झाकण ठेवायचे, असा प्रकार चालला होता.

या यादीत आणखी काही नावे आहेत. फ्लुनारिझीन, प्रोक्लोरपेराझीन आणि मानसिक आजारांवर दिले जाणारे हॅलोपेरिडॉल ही त्यांतली नेहमी भेटणारी. कंपवात नसलेल्या वृद्धांनाही ही औषधे दीर्घकाळ दिली तर कंपवातासारखीच लक्षणे दिसू शकतात, आणि औषध थांबल्यावर ती बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात. म्हणून ‘कंपवात आहे’ असे कोणी सांगितले की पहिला प्रश्न हाच विचारावा : गेल्या वर्षभरात कोणकोणती औषधे घेतली? औषध बंद करण्याचा निर्णय अर्थातच डॉक्टरांचा. यादी करणे मात्र घरच्यांचे काम आहे आणि ते त्यांच्याइतके चांगले दुसरे कोणी करू शकत नाही. यादीत व्यापारी नावाशेजारी घटकद्रव्याचे नाव लिहायला विसरू नये, कारण एकच द्रव्य पाच नावांनी विकले जाते.

मग आम्ही पुण्यातील एका मज्जाविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी यादी वाचली आणि आईला पलंगावर झोपवून रक्तदाब घेतला, नंतर उभे करून पुन्हा घेतला. झोपलेला वरचा आकडा १३० होता, उभे राहिल्यावर १०० च्या खाली गेला. चक्करेचे कारण कानात नव्हतेच. कंपवात आणि लेव्होडोपा हे दोघेही उभे राहताना रक्तदाब पाडू शकतात. चक्करेच्या आणि मळमळीच्या गोळ्या थांबल्या. पाणी वाढवले, रक्तदाबाच्या जुन्या गोळीची मात्रा कमी केली, सावकाश उठायला शिकवले. तीन महिन्यांनी आई पुन्हा अंगणात फिरू लागली. आजार होता तेवढा होताच. वरून चढवलेले ओझे तेवढे उतरले.

कोणत्या डॉक्टरांकडे?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. कंपवाताचे निदान आजही मुख्यत: पाहून, चालवून, हात वळवून केले जाते. एमआरआय बहुधा सामान्य निघतो. तो काढायचा असतो दुसरे काही नाही ना हे पाहण्यासाठी. डोपामीनचे तंतू दाखवणारी एक खास तपासणी मोठ्या शहरांत होते, पण ती प्रत्येकाला लागत नाही. तेव्हा यंत्रे किती आहेत यापेक्षा तपासणारा डोळा किती सरावलेला आहे, याला महत्त्व आहे. मज्जाविकारतज्ज्ञांपैकी काहींनी हालचालींच्या विकारांचे वेगळे प्रशिक्षण घेतलेले असते. पहिल्या एकदोन वर्षांतच वारंवार पडणे, नजर वरखाली न वळणे, लेव्होडोपाची पुरेशी मात्रा देऊनही फरक न पडणे असे काही असेल, तर कंपवातासारखा दिसणारा दुसराच आजार असू शकतो. तिथे अशा तज्ज्ञांचे मत घ्यावेच.

तज्ज्ञ मोठ्या शहरांतच भेटतात, आणि दर महिन्याला पाच तासांचा प्रवास वृद्ध माणसाला झेपत नाही. आमच्याकडे बसलेली घडी अशी : वर्षातून दोनदा पुण्याला, एरवी गावचे डॉक्टर. दोघांमध्ये एक वही, जिच्यात दोघांनीही लिहायचे. २०२० च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने दूरवैद्यकाची नियमावली काढली, तेव्हापासून मधली एखादी भेट मोबाइलवरही होते. चालणे, बोटे आपटणे, खुर्चीतून उठणे हे डॉक्टरांना पडद्यावर बरेचसे दिसते. स्नायूंचा ताठरपणा मात्र हाताला लागल्याशिवाय कळत नाही.

भेटीच्या वेळी एक अडचण हमखास येते. डॉक्टरांसमोर रुग्ण नेहमीपेक्षा बरा वागतो. घरी दाराच्या उंबऱ्याशी पाय चिकटून बसणारी व्यक्ती दवाखान्यात ऐटीत चालत जाते, आणि सोबतचे नातलग खोटे ठरतात. यावर उपाय सोपा आहे. वाईट वेळेचे एकदोन मिनिटांचे चित्रण मोबाइलवर करून न्यावे. अर्थात आधी त्यांना विचारून.

सात दिवसांचा तक्ता

दुसरा उपाय वर्गात शिकवण्यासारखा आहे. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने आखावेत. प्रत्येक रकान्यात तीनपैकी एक खूण : हालचाल मोकळी, हालचाल जड, किंवा नको असलेली वळवळ. खाली गोळीची आणि जेवणाची वेळ. असे सात दिवस. माझ्या भावाने हा तक्ता भरला. आठव्या दिवशी तो पाहताच दिसले की सकाळच्या गोळीनंतर अर्ध्यापाऊण तासात आई मोकळी होते, पण दुपारी एकच्या गोळीनंतर सातपैकी पाच दिवस काहीच होत नाही. तीच गोळी, तीच मात्रा.

कारण ताटात होते. लेव्होडोपा स्वत: एक अमिनो आम्ल आहे. आतड्यातून रक्तात जाताना आणि नंतर रक्तातून मेंदूत शिरताना त्याला जे वाहक लागतात, तेच वाहक प्रथिनांच्या पचनातून सुटलेली काही अमिनो आम्लेही वापरतात. डाळ, उसळ, दही आणि गोळी एकदमच पोटात गेली तर दारावर गर्दी होते, आणि एवढ्याशा गोळीला त्या गर्दीत वाट मिळत नाही. ‘जेवणानंतर’ हा शब्द पाकिटावर सवयीने लिहिला गेला होता. डॉक्टरांनी दुपारची गोळी जेवणाच्या तासभर आधी घ्यायला सांगितली. लोहाच्या गोळ्याही लेव्होडोपाला बांधून ठेवतात, त्या दोन तास लांब नेल्या. डाळ बंद केली नाही. या वयात प्रथिने तोडली तर स्नायू झिजतात, आणि ते नुकसान वेगळेच. सुरुवातीला रिकाम्या पोटी मळमळ झाली तर एखादे बिस्किट चालते, त्यात प्रथिन फारसे नसते.

येथे विज्ञानाच्या शिक्षकांना एक गोष्ट सांगायला हवी असे नाही, तरी सांगते. एका वेळी एकच बदल करावा आणि तक्ता पुन्हा भरावा. वेळ, मात्रा आणि नवी गोळी असे तिन्ही बदल एकाच दिवशी झाले, तर सुधारणा कशाने झाली हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. आणि मात्रा घरच्या घरी वाढवू-उतरवू नये. लेव्होडोपा एकदम थांबवल्यास तीव्र ताप, कमालीचा ताठरपणा आणि बेशुद्धी येऊन जिवावर बेतू शकते.

याच कारणाने कंपवाताच्या रुग्णाला दुसऱ्या कशासाठी रुग्णालयात ठेवावे लागले की जपावे लागते. परिचारिकांच्या औषधाच्या फेऱ्या ठरलेल्या वेळी असतात. आईच्या गोळ्या सहा, दहा, दोन आणि सहाला. तासाभराचा उशीर झाला तरी तिला कूस वळवता येत नाही की नीट गिळता येत नाही, आणि गिळताना घास श्वासनळीत गेला तर न्यूमोनिया. ब्रिटनमध्ये रुग्णांच्या संघटनेने ‘गोळी वेळेवर द्या’ एवढ्याच मागणीसाठी मोहीम चालवलेली आहे. आम्ही वेळा मोठ्या अक्षरात लिहून खाटेला लावल्या आणि गोळ्या जवळ ठेवायची परवानगी लेखी घेतली. उलटीसाठी कोणती औषधे नकोत, तेही त्याच कागदावर.

इतर औषधांबद्दल थोडक्यात. प्रामिपेक्सॉल, रोपिनिरोल यांसारखी औषधे डोपामीनची नक्कल करतात. त्यांनी काही जणांना खरेदीचा, जुगाराचा किंवा खाण्याचा अनावर नाद लागतो. घरचे याला स्वभाव समजतात, तो औषधाचा परिणाम असतो. ट्रायहेक्सीफेनिडिल कंपावर चालते, पण उतारवयात त्याने विसर आणि भ्रम होऊ शकतात, लघवी अडू शकते. बाबा अचानक घोटाळल्यासारखे बोलू लागले, तर स्मृतिभ्रंश म्हणण्याआधी ही गोळी शोधावी.

खाजकुयलीचे काय, असे कोणी विचारीलच. तिच्या बियांत लेव्होडोपा खरोखरच असते. भारतातील संशोधकांनी ते १९३७ साली वेगळे करून दाखवले. म्हणूनच चूर्ण ‘निरुपद्रवी’ समजू नये. प्रमाण बीगणिक बदलते, आणि गोळीच्या जोडीला चूर्णही घेतले तर मात्रा नकळत वाढते. घेत असाल तर तेही यादीत लिहा. मेंदूत तार बसवून विजेचे सूक्ष्म स्पंदन देण्याची शस्त्रक्रिया फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे १९८७ साली सुरू झाली, आणि भारतातही ती होते. लेव्होडोपाने ज्यांना चांगला फरक पडतो पण दिवसभर टिकत नाही, त्यांना ती उपयोगी पडते. आजार ती बरा करत नाही. मूलपेशी टोचून बरे करण्याची जाहिरात दिसली तर पैसे खिशातच ठेवा.

औषधाइतकेच काम व्यायाम करतो, आणि बोलण्या-गिळण्याचे व्यायामही. जमिनीवर फूटभर अंतराने रंगीत पट्ट्या चिकटवल्या, तर चिकटलेले पाय त्या ओलांडायला उचलले जातात, कारण डोळ्यांनी दिलेली आज्ञा मेंदूत वेगळ्या वाटेने जाते. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटांत अशा युक्त्या ऐकायला मिळतात. आणखी एक : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत हा आजार आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो, हे पुष्कळांना माहीत नसते.

राहता राहिले प्रश्न. डॉक्टर बहुधा सोबत आलेल्या मुलाला किंवा मुलीला विचारतात, कारण आजींना उत्तर द्यायला वेळ लागतो आणि चेहऱ्यावरून काही कळत नाही. मंदावलेल्या चेहऱ्यामागे विचारही मंदावला आहे, असा समज होतो. आम्ही आता भेटीआधी आईलाच विचारून कागदावर तीन प्रश्न लिहितो, आणि खोलीत ते तीच वाचते. वेळ लागतो. गेल्या खेपेला माझ्या मनात कंपाचा प्रश्न पहिला होता, कारण तो मला दिसतो. तिने तो यादीतच घेतला नाही. तिचा पहिला प्रश्न होता, रात्री दोननंतर कूस वळवता येत नाही, त्याचे काय करायचे? डॉक्टरांनी झोपतानाच्या गोळीऐवजी सावकाश विरघळणारी गोळी दिली, आणि गादीवर कमरेच्या भागाला गुळगुळीत कापड अंथरायला सांगितले.